भाला, रणगाडा आणि मधले दोन महिने

पूलकापेले गावाच्या बाहेर भाचीनं गाडी अचानक हळू केली. "मामा, डावीकडे बघ. खांबाच्या बुडाशी."

विजेच्या सिमेंटच्या खांबाला टेकून दोन गंजलेली नळकांडी उभी होती. चिखलानं इतकी माखलेली, की दुरून पाण्याच्या मोटारीचे जुने पाइप वाटावेत. तोफगोळे होते ते, शंभर वर्षांपूर्वी झाडलेले आणि न फुटलेले. बटाटे काढताना यंत्राला लागतात. शेतकरी ते रस्त्याच्या कडेला आणून ठेवतो, पोलिसांना कळवतो, की लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते. बेल्जियमच्या या कोपऱ्यातून दरवर्षी दीडशे टनांच्या आसपास असं लोखंड निघतं आणि त्यातल्या काही गोळ्यांत अजून विषारी वायू असतो. इथले लोक याला लोखंडाचं पीक म्हणतात. आपल्याकडे नांगरटीनंतर वेचलेले दगड बांधावर रचून ठेवतात, तसे हे गोळे ठेवलेले होते. भाची म्हणाली, "उतरू नकोस हं." मी उतरणार नव्हतोच.

या दौऱ्याची हौस माझी. माझं लहानपण खडकीत, बॉम्बे सॅपर्सच्या भिंतीलगत सायकल चालवण्यात गेलं. त्या पलटणीच्या दोन कंपन्या १९१४च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये लढल्या, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. भाची ल्युव्हेनला शिकते. तिला चार दिवस सुट्टी होती आणि गाडी मिळण्यासारखी होती. "कब्रस्तानं बघायला इतक्या लांब आलास?" असं तिनं एकदा विचारलं, पण गाडी आनंदानं चालवली.

सुरुवात आम्ही पूर्वेकडून केली, लिएज शहरापासून. युद्धही पश्चिम आघाडीवर तिथूनच सुरू झालं. शहराच्या शेजारी हेर्स्टाल आहे. सारायेव्होत २८ जून १९१४ला गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या पोरानं ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गोळ्या घातल्या, हे आपण शाळेत पाठ करतो. ते पिस्तूल हेर्स्टालच्या एफएन कारखान्यात बनलेलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. १९१०चं मॉडेल, कोटाच्या खिशात बसेल एवढं. कारखाना आजही शस्त्रंच बनवतो. पिस्तूल बेल्जियमहून बाल्कनमध्ये गेलं आणि पाच आठवड्यांनी जर्मन फौज लिएजच्या वेशीवर आली. योगायोगच, पण विसरता येत नाही असा.

त्या पाच आठवड्यांत काय झालं, याचा विचार मी लाँसँच्या किल्ल्यावर उभा राहून करत होतो. लिएजभोवती बारा किल्ल्यांचं कडं होतं, १८८८ ते १८९१ या काळात सेनापती ब्रियाल्माँनं बांधलेलं. लाँसँ त्यातला एक. आपल्या डोळ्यांना हा किल्ला वाटतच नाही. बुरूज नाही, तट नाही. जमिनीत पुरलेला काँक्रीटचा त्रिकोण आणि वर पोलादी घुमटांखाली तोफा. २१ सेंटिमीटरच्या तोफेचा मारा सहन करेल असा हिशेब होता, आणि बांधला तेव्हा तो बरोबर होता. पण काँक्रीटमध्ये लोखंडी सळई नव्हती. क्रुप कारखान्यानं दरम्यान ४२ सेंटिमीटरची तोफ बनवली, जिचा एक गोळा आठशे किलोच्या आसपास भरायचा. १५ ऑगस्ट १९१४च्या संध्याकाळी असा एक गोळा छत फोडून थेट दारूकोठारात शिरला. किल्ल्यातले साडेतीनशे सैनिक एका क्षणात गेले. बरेचसे अजून त्याच ढिगाऱ्याखाली आहेत, म्हणून आत हळू बोलावं लागतं. कित्येक टनांचे पोलादी घुमट उलथून पडलेत, आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उडावं तसे.

आता कारणांचं. जर्मनीनं १८७१ मध्ये फ्रान्सकडून आल्सास-लॉरेन घेतलं. फ्रान्सनं एकटं पडू नये म्हणून १८९४पर्यंत रशियाशी हातमिळवणी केली. त्यामुळे जर्मनी दोघांच्या मध्ये सापडला, आणि श्लीफेन या सेनापतीच्या कचेरीत त्यावर तोड निघाली. रशिया अवाढव्य, त्याची फौज गोळा व्हायला वेळ लागणार. तेवढ्या वेळात, साधारण सहा आठवड्यांत, फ्रान्सचा निकाल लावायचा आणि तीच फौज आगगाडीत घालून पूर्वेला न्यायची. फ्रान्सच्या सरहद्दीवर भक्कम किल्ले, म्हणून वाट बेल्जियममधून काढायची. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९च्या करारानं सगळ्या बड्या सत्तांनी घेतलेली, त्यात जर्मनीच्या आधीचा प्रशियाही होता. पण बेतात त्याला जागा नव्हती. मग रशियानं फ्रेंच कर्जातून पश्चिमेकडचे लोहमार्ग वाढवायला घेतले. ते पुरे झाले की सहा आठवड्यांचं गणित कोलमडणार, म्हणून बर्लिनच्या सेनापतींना घाई सुटली. समुद्रावर ब्रिटननं १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका उतरवली, तर जर्मनीनं तशाच बांधायला घेतल्या. ब्रिटननं मग आणखी बांधल्या. प्रत्येकाची चाल म्हणजे शेजाऱ्याच्या चालीला दिलेलं उत्तर, आणि आपण फक्त बचाव करतोय अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत.

सर्बिया १९१२-१३च्या बाल्कन युद्धांतून जवळजवळ दुप्पट होऊन निघाला होता. ऑस्ट्रियाला त्याची भीती होती आणि खुनानं निमित्त दिलं. जर्मनीनं जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियाला कोरा चेक दिला: काय करायचं ते करा, आम्ही पाठीशी आहोत. २३ जुलैला ४८ तासांची अंतिम सूचना गेली, २८ जुलैला युद्ध पुकारलं गेलं. ३० जुलैला रशियानं सैन्य गोळा करण्याचा हुकूम काढला. तो निघाल्यावर जर्मनीच्या रेल्वे वेळापत्रकाचा घड्याळकाटा सुरू झाला. १ ऑगस्टच्या संध्याकाळी कैसरला वाटलं, फ्रान्स कदाचित बाहेर राहील, सगळी फौज पूर्वेला वळवूया. सेनापती मोल्टकेनं सांगितलं, जमणार नाही. वर्षभर खपून बसवलेलं हजारो गाड्यांचं वेळापत्रक एका रात्रीत उलटं फिरवता येत नाही. ४ ऑगस्टला जर्मन सैनिक बेल्जियममध्ये शिरले आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरला. दोष कुणाचा, यावर इतिहासकार शंभर वर्षं वाद घालताहेत. मला विचाराल तर व्हिएन्ना आणि बर्लिनच्या पदरात अधिक टाकीन, पण हात झटकून मोकळं होता येईल असं त्यात कुणीच नाही.

परतताना ल्युव्हेनचं विद्यापीठ ग्रंथालय पाहिलं. १९१४च्या ऑगस्टअखेर जर्मन सैनिकांनी जुनी इमारत पेटवली, त्यात तीन लाखांच्या आसपास पुस्तकं जळाली. भाची नव्या इमारतीत अभ्यासाला बसते. तिच्या लेखी ती फक्त चांगलं वायफाय असलेली जागा आहे, आणि असायलाही हवी.

दुसऱ्या दिवशी ईपर. शहर इतकं नीटनेटकं की संशय यावा. संशय खरा आहे, कारण १९१८ मध्ये इथे जवळपास काहीच उभं नव्हतं. मध्ययुगातली कापडपेठ आज दिसते ती पुन्हा बांधलेली, आणि तिच्यातच युद्धाचं संग्रहालय आहे. मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो गणवेशांपुढे. १९१४चा फ्रेंच शिपाई लाल विजार आणि कापडी टोपी घालून रणात उतरला. डोक्यावर पोलाद १९१५पासून आलं. तोपर्यंत युरोपातल्या कुठल्याही पायदळाकडे लोखंडी टोप नव्हता. म्हणजे अंगावर आधीच्या शतकाचा पोशाख, आणि समोर नव्या शतकाची तोफ.

ती तोफ समजून घ्यायला हवी. पूर्वीची तोफ डागली की सबंध मागे ढकलली जायची. पुन्हा जागेवर आणा, नेम धरा, मग दुसरा गोळा. फ्रेंचांनी १८९७ मध्ये ७५ मिलिमीटरची तोफ काढली, जिच्यात तेल आणि दाबलेली हवा फक्त नळीला मागे जाऊ देत आणि परत आणत. गाडा जागचा हलत नसे. मिनिटाला पंधरा गोळे सहज. या युद्धातले बहुतेक बळी तोफगोळ्यांनी घेतले. गाजली मात्र मशीनगन. हायरम मॅक्सिमनं १८८४ मध्ये ती बनवली. मिनिटाला पाच-सहाशे गोळ्या, नळी तापू नये म्हणून भोवती पाण्याचं आवरण. १८९८ मध्ये सुदानमध्ये ओमदुर्मानला तिनं आणि तोफांनी मिळून एका सकाळी दहा हजारांहून अधिक माणसं मारली. ब्रिटिश बाजूचे मेले पन्नासच्या आत. युरोपच्या अधिकाऱ्यांनी हा आकडा वाचला होता. यंत्राच्या समोरच्या बाजूला कधी आपणही उभे असू, हे मात्र त्यांच्या मनात आलं नाही. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात खंदक, तार आणि मशीनगन तिन्ही दिसलं होतं. युरोपच्या निरीक्षकांनी ते पाहिलं आणि घरी जाऊन लिहिलं, की धैर्य असेल तर हल्ला यशस्वी होतो.

गोळ्यांच्या पावसापासून वाचायला माणसं जमिनीत गेली आणि खंदक झाले. खंदकापुढे काटेरी तार आली. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं १८७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं, गुरं शेतात शिरू नयेत म्हणून. खंदकातल्या माणसापर्यंत ना गोळी पोचत होती, ना गोळा नेमका पडत होता. तेव्हा कुणाला तरी हवा आठवली.

२२ एप्रिल १९१५ला संध्याकाळी पाचच्या सुमारास ईपरच्या उत्तरेला जर्मनांनी ५,७०० हून जास्त नळकांड्यांची तोंडं उघडली. दीडशे टनांहून अधिक क्लोरीन, हवेपेक्षा जड, पिवळट-हिरवा, खंदकात उतरणारा. समोर फ्रान्सचे सैनिक होते, त्यांत बरेच अल्जीरियाचे. ते पळाले. राहिले ते गुदमरले. चार दिवसांनी लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिक याच भागात प्रतिहल्ल्याला आले तेव्हा त्यांच्यावरही वायू सोडला गेला. मुखवटे नव्हते. ओला रुमाल तोंडाला बांधा, पाणी नसेल तर लघवीनं भिजवा, असा सल्ला होता. जमादार मीर दस्त यांनी त्या दिवशी जखमी अधिकाऱ्यांना गोळीबारातून उचलून आणलं आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

वायूचा बेत फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाचा. त्याच्याच शोधावर हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला होता. ब्रिटिश आरमारानं चिलीहून येणारा सोरा अडवल्यावर जर्मनीची स्फोटकं या अमोनियावर चालली. त्याशिवाय युद्ध कितीतरी आधी आवरतं घ्यावं लागलं असतं. आणि आपण उसाला टाकतो ती युरियाची गोणी, तीही त्याच प्रक्रियेतून येते. हाबरची पत्नी क्लारा, स्वतः रसायनशास्त्राची डॉक्टर, हिनं २ मे १९१५ला आत्महत्या केली. हाबरला १९१८चं नोबेल अमोनियासाठी दिलं गेलं. संग्रहालयातून बाहेर आल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही. मग भाचीनं बटाट्याच्या तळलेल्या फोडींचा कागदी पुडा आणला.

रात्री आठला मेनिन गेटखाली बिगूल वाजतो. १९२८पासून, जर्मन ताब्याची मधली वर्षं सोडून, रोज. कमानीवर ५४,००० हून अधिक नावं आहेत, ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांची. त्यांत चारशेहून अधिक भारतीय. गर्दीत मोबाईल उंचावलेले होते, त्यामुळे बिगूल वाजवणारे मला शेवटपर्यंत दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये, न्यूव्ह शापेलला. भारतीय स्मारक एका चौकात आहे. त्या चौकाचं स्थानिक नाव 'ला बाँब'. ब्रिटिश नकाशांत त्यालाच 'पोर्ट आर्थर' म्हणत, म्हणजे रशिया-जपान युद्धात वेढा पडलेलं बंदर. ज्या युद्धातून कुणी धडा घेतला नाही त्याचं नाव चौकाला देण्यात काही खवचटपणा होता की काय, नकळे. स्मारक हर्बर्ट बेकरचं, १९२७ मध्ये उघडलेलं. गोल आवार, अर्धं दगडी जाळीचं आणि अर्धं भिंतीचं. कमळाचं शिरोभूषण असलेला उंच स्तंभ, दोन्ही बाजूंना वाघ. फ्रान्सच्या बीटच्या शेतांत मध्येच सांचीची आठवण येते. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं, पलटणींप्रमाणे.

मी खडकीचे सॅपर्स शोधले आणि सापडले. २८ ऑक्टोबर १९१४ला हे गाव जर्मनांच्या हातात होतं. ते घ्यायला ४७ शीख ही पलटण आणि मुंबई सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या पाठवल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, खंदक खणणारा, सुरुंग लावणारा. वर्षानुवर्षं शिकवून तयार केलेला कारागीर. पायदळ कमी पडलं म्हणून त्यांच्या हाती संगीन दिली आणि घराघरांतून लढायला लावलं. गावात ते शिरले, मागून कुमक आली नाही, परत फिरावं लागलं. त्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले आणि जवानांपैकी सुमारे एक तृतीयांश कामी आले. पुढच्या काही महिन्यांत आघाडीवर सर्वांत जास्त गरज पडली ती नेमकी अशा कारागिरांची. हातबाँब नव्हते, तर मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक आणि खिळे भरून बनवावे लागले. तार उडवायची नळी तर भारतातच, बंगळूरच्या मद्रास सॅपर्सकडे १९१२ मध्ये तयार झाली होती. म्हणून तिचं नाव आजही जगभर 'बंगलोर टॉर्पेडो'. भिंतीपुढे उभं राहून मला राग आला, आणि शंभर वर्षं उशिरा आलेल्या रागाचं काय करायचं ते कळेना.

मराठा पलटणींची नावं इथे शोधणाऱ्याची निराशा होईल. त्या मेसोपोटेमियात गेल्या. कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. भारतीय पायदळही १९१५अखेर फ्रान्समधून तिकडेच हलवलं गेलं. पण त्याआधी १० मार्च १९१५ला याच गावावर पुन्हा हल्ला झाला. या वेळी विमानांतून छायाचित्रं काढून जर्मन खंदकांचे नकाशे आधीच केलेले होते. ३५ मिनिटांचा तोफमारा, मग चढाई. गाव हाती आलं. तार तुटली तिथे माणसं पुढे गेली, जिथे तुटली नाही तिथे तारेवरच राहिली. तीन-चार दिवसांत सुमारे चार हजार भारतीय मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले.

शेवटचा दिवस सोमच्या रणभूमीचा. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ला, ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. त्याआधी आठवडाभर पंधरा लाखांवर गोळे टाकले होते. त्यांतले बरेचसे श्रापनेल, म्हणजे हवेत फुटून शिशाच्या गोट्या उधळणारे. ते उघड्यावरच्या माणसांसाठी ठीक. तार तोडायला गोळा अगदी नेमक्या उंचीवर फुटावा लागे आणि जमिनीखाली वीस-तीस फूट खोल बसलेल्या माणसाला त्याचं काहीच नाही. तारेला टेकताच फुटणारा १०६ क्रमांकाचा फ्यूज सर्रास मिळू लागला तो पुढच्या वर्षी.

मला पाहायचं होतं ते हाय वूड. लाँगव्हाल गावाच्या वरच्या अंगाला, चढावर, आपल्याकडच्या एखाद्या देवराईएवढं रान. खासगी मालकीचं आहे, आत जाता येत नाही. १४ जुलै १९१६च्या संध्याकाळी २० डेक्कन हॉर्स आणि ७ ड्रॅगून गार्ड्स यांनी या चढावरून, उभ्या पिकातून, भाले रोखून घोडे घातले. डेक्कन हॉर्स मूळची हैदराबाद कंटिन्जंटची. या कंटिन्जंटच्या छावण्या औरंगाबादला, हिंगोलीला, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. मराठवाड्याच्या माळावर वाढलेली भालाईतांची परंपरा मशीनगनपुढे आली. दंतकथेत सांगतात तशी सरसकट कत्तल झाली नाही. पिकात लपलेल्या काही जर्मनांना त्यांनी भाल्यानं मारलंही. पण मशीनगन सुरू झाल्यावर घोड्यांवरून उतरून जमिनीला चिकटावं लागलं आणि पहाटेआधी माघार घ्यावी लागली. रान जर्मनांकडेच राहिलं.

दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच रानावर चार रणगाडे धाडले. जगात रणगाडा लढाईत उतरल्याचा तो पहिला दिवस. ४९ तयार होते, त्यांतले तीसेक सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले. वजन २८ टन, वेग माणसाच्या चालण्याएवढा, आत आठ माणसं आणि इंजिनाची धग. पहिला रणगाडा बनला होता तो लिंकनच्या, मळणी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. चाकांऐवजी पट्ट्यावर चालायची कल्पना कॅलिफोर्नियातल्या होल्ट ट्रॅक्टरची, जो इथे आधीपासून तोफा ओढत होता. रणगाडेवाल्यांनी सांगितलं होतं, की तुटक्या बुंध्यांच्या रानात ही गाडी चालणार नाही. वरिष्ठांनी ऐकलं नाही. गाड्या बुंध्यांत आणि खड्ड्यांत अडकल्या. रान त्या दिवशी पडलं ते उखळी तोफांच्या माऱ्यानं. भाला आणि रणगाडा, दोन्ही एकाच रानापुढे, दोन महिन्यांच्या अंतरानं अपुरे पडले. पुढे नोव्हेंबर १९१७ मध्ये कँब्रेला पावणेपाचशे रणगाडे कोरड्या, टणक जमिनीवर एकदम सोडले तेव्हा जर्मन फळी फुटली. जर्मनांनी मग रणगाडा भेदणारी बंदूक काढली.

पाऊस भुरभुरत होता. रानाच्या कडेच्या शेतात बीट काढून झालं होतं. पट्ट्यांवर चालणारं भलंमोठं काढणीयंत्र बांधाला उभं, ढेकळांनी माखलेलं. मी रस्त्यावरूनच बघत होतो, तेवढ्यात बुटाखाली काहीतरी टणक आलं. उचलून पुसलं. गोटीएवढी, राखाडी, एका बाजूनं चेपलेली शिशाची गोळी. वजनानं बोटं खाली गेली.

"मामा, ठेव खाली," भाची म्हणाली. "न्यायची नसते."

ठेवायला जागा शोधली तर बांधाच्या दगडावर आधीच सात-आठ तशाच ठेवलेल्या होत्या. कुणी कुणी येऊन, उचलून, तिथेच परत ठेवलेल्या. माझी त्यांच्या शेजारी ठेवली. ती घरंगळली. पुन्हा उचलून, चेपलेली बाजू खाली करून ठेवली, तेव्हा राहिली.